कोणाची नजर पडणार नाही अशी जागा

पोहरादेवीच्या यात्रेला जायचं यावर घरात वाद नव्हता. वाद होता तो मुक्काम कुठे करायचा यावर. नवस सासूबाईंचा. माझी आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसरं टिकलं तर यात्रेत त्याचं जावळ काढीन, असं त्या मला न विचारता देवीला बोलून बसल्या होत्या. मुलगा टिकला. चांगला गुटगुटीत झाला, आल्यागेल्याकडे हात पसरायला लागला, आणि तिथेच सासूबाईंचं धाबं दणाणलं. यात्रेत एवढी माणसं, एवढे डोळे. कोणाची नजर लागली तर?

आमच्याकडे यात्रेला ट्रॅक्टर-ट्रॉलीने जातात. ट्रॉलीवर बांबूच्या कमानी, कमानींवर ताडपत्री, आत कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर आणि त्यावर गोधड्या. पिठाचा डबा, पाण्याचा ड्रम, गोवऱ्या, सगळं बरोबर. आमच्या किन्हीराजाकडच्या ट्रॉल्या दरवर्षी एकाच मोकळ्या वावरात लागतात. एकीची भाकर, दुसरीची भाजी, तिसरीचं भांडण, सगळं सामायिक. मला तो गोंगाट आवडायचा. घरी कोण विचारतं? पण या वर्षी सासूबाईंनी ट्रॅक्टर तिथे थांबूच दिला नाही.

"तिथं नाई," त्या ट्रॉलीतून ओरडल्या. "साऱ्याजनी येतीन पोट्टं पायाले. एखांदी अशी पायते का दूध बी नासते."

मग चैत्राच्या उन्हात आमची वरात जागा शोधत फिरू लागली. सासूबाईंना माणूसकाणूस नको होतं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ट्रॉली वळेल एवढी जमीन हवी होती. नवऱ्याला मोबाइलची रेंज हवी होती. मला आडोसा हवा होता, लोटा घेऊन जाता येईल असा, पण हे बायांनी बोलायचं नसतं म्हणून मी बोलले नाही. दोन जागा सासूबाईंनी नाकारल्या. एकीच्या जवळ मसणवटी होती, दुसरीवर बकऱ्यावाले बसले होते. पोरगा घामाने चिंब होऊन किरकिरत होता.

शेवटी एका कोरड्या नाल्याकाठी तो वड दिसला. खाली गाडीभर वऱ्हाड बसेल एवढी सावली. जवळच हातपंप. वाहनाचा आवाज नाही, माणसाची चाहूल नाही. सासूबाईंनी हात जोडले. "देवीनंच राखून ठेवली वं आपल्यासाठी."

यात्रेच्या दिवसांत पळसाच्या चार पानांखालची सावलीसुद्धा कोणी सोडत नाही. आणि एवढा मोठा वड रिकामा कसा? हे माझ्या मनात आलं. मग बुंध्याजवळ मला तीन दगडांची चूल दिसली. लाकडं अर्धवट जळलेली. चुलीवर जर्मनचं भगुनं तसंच होतं, आत भात वाळून खडखडीत झालेला. पलीकडे लहान लेकराची एकच चप्पल उलटी पडली होती.

गरीब असो की श्रीमंत, आमच्याकडची कोणतीही बाई भगुनं टाकून जात नाही. 

"आत्याबाई, इथून निघू या," मी सासूबाईंना म्हणाले. "कोणी तरी घाईनं पळालंय इथून."

"बस पकडाची असन त्याईले," त्या म्हणाल्या आणि भगुनं उचलून राखेने घासायला बसल्यासुद्धा. "तुले तं सावलीत बी भेव वाटते."

मी मामाजींकडे पाहिलं. ते ट्रॉली वळवण्यात गर्क होते. नवऱ्याकडे पाहिलं. त्याला रेंज आली होती. हवेत एक बारीक, सलग घूं घूं भरून राहिली होती. यात्रेतला जनरेटर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वर पाहायचं आम्हा चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. सावली शोधणारा माणूस खालीच पाहतो.

सासूबाईंनी वडाच्या आडव्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली आणि पोराला आत निजवलं. तो लगेच झोपला. मी कळशी घेऊन हातपंपावर गेले.

परक्या जागी मुक्काम करायचा तर आधी त्या जागेच्या देवाची परवानगी घ्यायची, हा आमच्या घरचा रिवाज. एक दगड मांडायचा, त्याला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा आणि गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद टाकायचा. धूर जितका दाट तितकी जागा राखणारी, असं सासूबाई म्हणतात. लेकरासाठी त्यांनी हात आखडला नाही. पंपावरून मला तो धूर दिसत होता, पांढरा, जाड, सरळ वर पानांत शिरणारा.

ती घूं घूं एकाएकी वाढली. मी हापसता हापसता थांबले. वडाच्या शेंड्याकडून काळा ढग खाली उतरत होता.

"आग्या उठला! पया!" मामाजी ओरडले. आग्यामोहोळाच्या माश्या म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. गाईगुरं मरतात त्यांनी. मामाजी आणि नवरा डोक्यावर दुपट्टे गुंडाळून माझ्याच दिशेने धावत आले. दोघांचेही हात रिकामे होते.

"पोट्टं कुठं हाये?" मी किंचाळले.

नवरा थबकला. त्याला वाटलं होतं, पोरगा माझ्याजवळ आहे. मी वडाकडे धावले तर मामाजींनी माझा दंड धरला. मी त्यांच्या हाताला चावले, तरी त्यांनी सोडलं नाही. "एकटी जाऊन काय करशीन? तू बी मरशीन!" मी त्यांना नाही नाही त्या शिव्या दिल्या. सासऱ्याला शिव्या देणारी सून आमच्या गावात दुसरी नसेल. झोळी लोंबकळत होती, आणि सासूबाई कुठेच दिसत नव्हत्या.

नवऱ्याने पंपाखाली दुपट्टा भिजवून तोंडाला बांधला आणि तो परत गेला. ट्रॉलीवरची ताडपत्री ओढून त्याने अंगावर घेतली आणि तो त्या ढगात शिरला. मी डोळे मिटले नाहीत. मिटले तर पोरगा जाईल, असं काहीतरी वेड डोक्यात बसलं होतं.

झोळी रिकामीच होती. पोराला सासूबाईंनी केव्हाच काढलं होतं. पळणं गुडघ्यांना जमणारं नव्हतं, म्हणून त्याला पोटाखाली घेऊन, वर गोधडी ओढून त्या तिथेच पालथ्या पडल्या होत्या. गोधडी त्यांना पुरली नव्हती. मान, कान, हात, पोटऱ्या काळ्या झाल्या होत्या. पोराला कपाळावर एक आणि अंगठ्याला एक, एवढ्याच माश्या डसल्या होत्या. नवऱ्याने दोघांना ताडपत्रीखाली घेऊन बाहेर काढलं, तेव्हा तो रडत होता. तसलं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलेलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात नर्स त्यांच्या मानेतून काटे काढत बसली होती, आणि सुजून मिटलेल्या डोळ्यांनी त्या एकच घोकत होत्या. "म्याच जागा पायली. म्याच ऊद टाकला. कोनाची नाई, माहीच नजर लागली वं त्याले."

त्या वाचल्या. गावात सगळे म्हणाले, आजीने नातू वाचवला. मीही म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्यांच्या कानात काही ते शिरलं नाही. यात्रेहून आल्यापासून त्यांनी पोराला मांडीवर घेतलेलं नाही. त्याची दुपटी त्या शिवतात, त्याच्यासाठी खिमट शिजवतात, तो झोपला की दाराबाहेर बसून राहतात. पण तो समोर आला की पदर ओढून तोंड फिरवतात. आधी मला वाटायचं, जाईल ते खूळ. आता पोरगा चालायला लागला आहे, आणि मला भीती वाटते की ते जाणारच नाही.

परवा तो दुडदुडत त्यांच्यापुढे गेला. त्यांनी मान वळवली. तो दुसऱ्या बाजूने गेला. त्यांनी पदर पुढे घेतला. मला राहवेना.

"आत्याबाई, एकदा तरी पाहा ना त्याच्याकडे. तुमच्यामुळेच आहे तो."

"नाई वं," पदराआडून त्या म्हणाल्या. "वाढू दे त्याले."

मला रडू फुटलं. पोरगा मात्र टाळ्या वाजवून हसत होता. त्याला वाटत होतं, आजी त्याच्याशी लपाछपी खेळून राहिली आहे.