निशाणाला लावलेली तीट

बापाची होडी मुंब्र्याच्या खडकावर फुटली आणि आम्ही दुसऱ्याच्या मिठागरावर राबू लागलो. पाय मिठाने फाटायचे, रात्री पेजेत शितं शोधावी लागत. पण आयेला खुपायचं ते वेगळंच. आमच्या घराचं ठिगळ निशाणावर चढत नव्हतं.

आमचं बेट ठाणे आणि कल्याणच्या मधल्या खाडीत. पहिली घरं इथे आली ती तुफानातून, सगळ्यांची शिडं फाटलेली. उरलेले तुकडे जोडून त्यांनी एकच शीड शिवलं आणि त्याच्या जोरावर सारे किनाऱ्याला लागले. तेच आमचं निशाण. म्हणून वर्षात ज्या घरी शुभ घडेल, त्या घराने शिमग्याला त्यावर एक ठिगळ लावायचं. कापड मात्र त्या प्रसंगाचंच हवं: नवरीच्या लुगड्याचा काठ, बाळाचं अंगडं, नव्या होडीचं शीड. बाजारातून आणलेलं चालत नाही.

बापाने हट्टाने मला ठाण्याच्या शाळेत घातलं, तिथून मी मुंबईला कॉलेजात गेलो आणि बी. ए. झालो. पदवी घ्यायला एका मित्राचा काळा झगा मागून नेलेला. शिमग्याला तो घेऊनच घरी आलो, खुंटीवर टांगला आणि आंघोळीला गेलो. परत येतो तो आयेने झग्याच्या पाठीतून वीतभर चौकोन कापून घेतलेला.

"बी. ए. ह्याच्यातच झालास ना?" ती सुई ओवता ओवता म्हणाली.

मी हसत हसत भुईवरच बसलो. बापाला तर ठसका लागला.

होळीपाशी ढोल दणाणत होता. बी. ए. म्हणजे काय, हे ज्याने त्याने विचारून घेतलं. बी. ए. झाल्यावर जाळ्यात मासे जास्त येतात का, असंही एकाने विचारलं. पण ते कापड पाहून पाटलांनी हात वर केला. काळं निशाणावर चढत नाही, अपशकुन होतो, म्हणाले. ढोल थांबला. आयेची सुई हवेतच राहिली. बाप खाली बघू लागला.

आय म्हणाली, "पाटील, तुमच्या नातवाच्या गालाला काय लावलंय?"

"तीट."

"काळीच ना? मग एवढ्या रंगांच्या निशाणाला कुणी कधी लावली? त्याला काय दृष्ट लागत नाय?"

पाटलांनी नातवाकडे पाहिलं, निशाणाकडे पाहिलं आणि पोट धरून हसू लागले. मग स्वतः खाली बसून, आयेला शिवता यावं म्हणून निशाणाची कड ताणून धरली. इकडे मला लोकांनी तो झगा चढवून नाचवलं. पाठीतल्या भोकातून वारा शिरत होता, बायका त्यातूनच गुलाल टाकत होत्या, आणि माझा बाप, जो होडी फुटल्यापासून कधी नाचला नव्हता, तो माझ्यापुढे नाचत होता.

मित्राला मी पुढे नवा झगा शिवून दिला.

त्या शिमग्याला आमच्या घराचं ठिगळ निशाणावर चढलं, आणि बेटाला पहिला बी. ए. मिळाला.