सेलूकर काकांची उलटी नाव

सेलूकर काका बोलण्याआधी उजवा हात वर करायचे. चौकातल्या हवालदारासारखा तळवा समोर, आणि मग ठरलेलं वाक्य, "थांबा, माझा गोंधळ व्हायलाय." भाजीवाल्यापुढे, बँकेच्या खिडकीपाशी, डॉक्टरांसमोर, कुठेही. पुतणीच्या लग्नात तर सप्तपदी चालू असताना त्यांनी भटजींनाच असं थांबवलं होतं. तुम्ही-आम्ही न कळलेलं गिळून मान डोलावतो. काकांना ते जमत नसे. अशा माणसाने जिल्हा परिषदेत जन्मभर कारकुनी कशी निभावली, हे मला आजही उमगलेलं नाही.

सिडकोत काका-मंगलकाकूंची आणि आमची भिंत एक. त्या वर्षी पाऊस पळालाच होता. नळ आठवड्यातून एकदा करंगळीएवढ्या धारेने यायचा आणि पैठण रोडला नव्या वसाहतींच्या जाहिरातींत मात्र कारंजी उडत होती. नेमक्या त्याच दिवाळीत काकांच्या दारात एक ट्रक थांबला आणि ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक उतरलं. टँकरच्या रांगेतल्या एका बाईंनी तिथूनच विचारलं, "आडवी टाकी घेतली का हो काकू? किती लिटरची?"

ती टाकी नव्हती, नाव होती. काकांच्या पुण्यातल्या मुलाला, नितीनला, मासेमारीची हौस लागली होती. दोघांनी एकापुढे एक बसून पायडल मारायचं, कडेच्या खोबण्यांत गळ अडकवायचे, अशी ती प्लास्टिकची नाव त्याने हौसेने घेतली. हौस फिटली तेव्हा लक्षात आलं की पार्किंगमध्ये जागा नाही. मग ती आईवडिलांकडे आली, जशा पोरांच्या सगळ्या नको असलेल्या वस्तू येतात. काका तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "थांबा. पोरानं प्यायला पाणी नाही तिथं नाव पाठवली. डोकं त्याचं फिरलंय का आपलं?"

मला वाटलं, आता ही भंगारात जाणार. काका ती घेऊन थेट पैठणच्या धरणावर, नाथसागरावर जायला लागले. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्या रफिकभाईकडे पिकअप होता. त्यात नाव टाकायची, मागे मी आणि काका, पुढे रफिकभाईशेजारी मंगलकाकू मांडीवर डबा घेऊन. गंगापूरच्या बाजूला धरणाचा फुगवटा पसरतो, तिथे शांत पाणी असायचं. काका चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारे. गळ त्यांनी कधी लावलाच नाही. गळाच्या एका खोबणीत छत्री उभी करायची, दुसरीत काठी, आणि पाण्यात कणकेच्या गोळ्या टाकत बसायचं.

"काका, मासे धरायच्या नावेत बसून तुम्ही मासे पोसताय," मी म्हणालो.

"तेच तर कळंना. पण त्यांचं काही अडत नाय, माझं बी नाय."

काकू काठावर सतरंजी टाकून बसायच्या. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दिवसाचं पाणी मोजून. स्टीलचा एक छोटा पेला होता, त्यातून त्या घोट-घोट प्यायच्या, आणि उरलेला वेळ समोरच्या पाण्याकडे बघत राहायच्या. असंच एकदा डबा उघडता उघडता त्या काकांना म्हणाल्या, "मला एकदा मधोमध न्या हो. चारी बाजूनं पाणी असलं म्हणजे कसं वाटतं ते बघायचंय. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही माझं."

काकांनी हात वर केला नाही. "नेतो," म्हणाले. इतकं सरळ उत्तर त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

पण नेणार कसं? काकांचे गुडघे एकट्याचं पायडल मारतानाच कुरकुरायचे, दोघांचं वजन त्यांना ओढवेना. शिवाय पाणी रोज मागे सरत होतं. पायडलचे पंखे नावेच्या पोटाखाली हातभर लोंबायचे, ते उथळ पाण्यात गाळात रुतायचे. काकांनी नितीनला फोन लावला आणि नावेला मागून अडकवायची विजेची मोटर मागवली. उथळ आलं की दांडा उचलून पंखा वर घेता येतो, पाय हलवायची गरज नाही. काकूंच्या डॉक्टरांनाही ते विचारून आले. डॉक्टरांनी आधी दोनदा पुन्हा सांगायला लावलं आणि मग म्हणाले, "जाकीट घालून, थोडाच वेळ, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी." कॉलनीत मात्र चेष्टेला ऊत आला. धरण आटत चाललंय आणि सेलूकरांच्या नावेचं सामान वाढत चाललंय. खरं सांगायचं तर हसणाऱ्यांत मीही होतो.

मोटर बसवायचं काम रफिकभाईकडे आलं. त्याने घरांच्या मोटारी हजार बांधल्या असतील, नावेची पहिलीच. बॅटरी म्हणून काकांनी घरच्या इन्व्हर्टरचीच काढून दिली. ती उचलताना माझी कंबर धरली. मागच्या आसनामागे ती ठेवली आणि काका त्या आसनावर बसले, तर नावेचं नाक आभाळाकडे. "काका, आगे कुछ तो वजन रखना पडता," रफिकभाई म्हणाला. पुढच्या आसनावर आम्ही वाळूचं पोतं बांधलं.

चाचणीच्या दिवशी काकांनी मोटरच्या दांड्याची मूठ पिळली आणि नाव झपकन मागे गेली. समोर जायचं म्हणून ते आणखी पिळत होते, नाव आणखी जोरात मागे. शेवटी बाभळीच्या बुडलेल्या झुडपात जाऊन थांबली. मूठ दुसऱ्या बाजूला पिळली तेव्हा ती पुढे यायला लागली, पण रमतगमत. मोटरीला पुढे जायचे वेग जास्त आणि मागे यायचे कमी असतात. रफिकभाईच्या हातून तारा उलट लागल्यामुळे सगळा जोर मागे जाण्याला मिळाला होता.

"उल्टी जारी ना ये," रफिकभाई ओशाळून म्हणाला. "एक मिनट का काम है काका. तार बदल देतूं."

काकांचा तळवा वर. "थांबा, माझा गोंधळ व्हायलाय." त्यांनी मूठ एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला पिळून बघितली. मग म्हणाले, "नको. आता कुठं माझ्या डोक्यात बसलंय. तुम्ही सरळ केलं की माझं पुन्हा उलटं होईल. नाव उलटी जात असेल तर मी उलटा बसतो."

मी चिडलो. एका मिनिटाचं काम, आणि हा माणूस आजारी बायकोला उलट्या नावेतून नेणार! मी बोललो, रफिकभाईने अल्लाची आण घातली. काका ऐकेनात. आसन सुटं होतं, ते त्यांनी फिरवून बसवलं आणि पाठीमागे तोंड करून पुढच्या दोन रविवारी सराव केला. डावं-उजवं चुकायचं, नाव गोल फिरायची, पण उलटं जायला ते शिकले.

काकूंना नेलं तेव्हा थंडी सरत आली होती. पाणी इतकं आत गेलं होतं की रफिकभाई आणि मी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भेगाळलेल्या गाळावरून उचलून नेलं. त्या सारख्या म्हणत होत्या, "अरे ठेवा मला, चालते मी." वाळूचं पोतं काढून त्यांना पुढच्या आसनावर बसवलं, जाकिटाचे पट्टे मी स्वतः ओढून बघितले. नाव पाण्यावर अगदी समतल राहिली. काका म्हणाले, "बघ संजू, ही बसली की सगळं सरळ होतं."

मग ते मागच्या आसनावर पाठमोरे बसले आणि नाव निघाली, उलटी. काका जायच्या दिशेला बघत होते आणि काकूंचं तोंड आमच्याकडे, काठाकडे. नाव सरळ गेली असती तर आम्हाला त्यांची पाठ दिसली असती. आता त्यांचा चेहरा आमच्याकडे बघत बघत लहान होत गेला. आधी त्यांनी नावेची कड घट्ट धरली होती. मग एक हात सुटला. मग तो पाण्यात गेला.

खूप आत गेल्यावर नाव थांबली आणि काकांचा हात वर झाला. बॅटरी संपली? काकूंना काही झालं? मी घाईघाईने फोन लावला. काकूंनी उचलला. "काही नाही रे. हे विचारायलेत, मध्य हाच का अजून पुढं. मी म्हणलं, हाच. ठेव आता." आणि त्यांनीच फोन बंद केला.

किती वेळ ते तिथे होते, सांगता येणार नाही. रफिकभाई तिकडे पाठ करून बिडी ओढत बसला. मला दोन ठिपके दिसत होते, पाठीला पाठ लावून बसलेले. मग नाव आमच्याकडे निघाली, हळू, अगदी हळू. ज्या वाटेने भर्रकन गेले होते, त्याच वाटेने ती दोघं सावकाश परत आली. उतरताना काकूंची बोटं पाण्याने सुरकुतलेली होती. म्हणाल्या, "जाताना तुम्ही सगळे दिसत होता, म्हणून भीती नाही वाटली. आणि येताना ह्यांनी लई सावकाश आणलं. बरं केलं."

मी काकांकडे बघितलं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. नंतर एकदा गच्चीवर त्यांना गाठून विचारलं, "काका, खरं सांगा. तारा मुद्दाम उलट ठेवल्या ना? त्यांना काठ दिसावा, येताना वेळ मिळावा म्हणून?" काकांनी हात वर केला. "थांब, माझा गोंधळ व्हायलाय," म्हणाले, आणि वाळत घातलेल्या काकूंच्या साडीची घडी घालायला लागले. घडी मात्र त्यांनी काठाला काठ लावून बिनचूक घातली.

पावसाळ्याच्या तोंडावर काकू गेल्या. त्या वर्षी पाऊस आला आणि धरण भरलं, पण काका पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. नितीन त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना नाव माझ्या दारात ठेवून म्हणाले, "एकट्याला ही जमत नाय. नाक वर होतं." दीड-दोन वर्षांनी पुण्याहून फोन आला. झोपेतच गेले. मी रडलो, आणि मला स्वतःचंच नवल वाटलं. शेजारीच तर होते.

परवा माझी बायको म्हणाली, ही नाव नुसती पडून आहे, एकदा पोरांना घेऊन जाऊ. मी रफिकभाईला बोलावलं. त्याने मोटर पुसली, झाकण उघडलं आणि पक्कड हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "सीधी कर दूं क्या?"

एका मिनिटाचं काम होतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधी माझा उजवा हातच वर गेला.

"थांबा रफिकभाई," मी म्हणालो, "माझा गोंधळ व्हायलाय."