गेरूचे हात, दिनेशचं लग्न

बडोद्यात, वासणा भागाच्या कडेला एक कुंभार राहायचा, त्याची बायको राहायची आणि लग्नाला आलेला त्यांचा एकुलता एक मुलगा दिनेश. कुंभार म्हणजे आमचे हे, बायको म्हणजे मी. मडकी विकून जातात, किस्से मात्र घरातच साठतात. आता तर पाय ठेवायला जागा नाही!

*

आमचं काम असं. मडकं अर्धवट सुकलं की गेरूचं पाणी द्यायचं आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटत बसायचं. हळूहळू माती उजळते. तिच्यात खिडकी दिसते, खिडकीतला लिंब हलतो.

शेजारच्या साठीच्या इलाबेन घडा घ्यायला आल्या. त्यात बघून कपाळावरचा चांदलो, म्हणजे कुंकू, नीट केला आणि म्हणाल्या, "बेन, आमां तो हुं नवी वहु जेवी लागुं छुं."

घड्यात स्वतःच स्वतःला नव्या सुनेसारख्या दिसल्या, आणि लाजून तशाच घरी गेल्या. घडा राहिला.

*

माती सुकली का, हे आमचे हे गालाला लावून बघतात. गार लागली तर ओली.

नागरवाड्यात दिनेशसाठी मुलगी बघायला गेलो. पोहे येईपर्यंत यांनी नव्या रंगाच्या भिंतीला गाल टेकवला, डोळे मिटले आणि मुलीच्या वडिलांना शांतपणे सांगितलं, "अजून ओली आहे."

येताना यांचा एक गाल पिस्ता रंगाचा. होकार काही आला नाही.

*

मांजलपूरला दुसरी मुलगी बघायला दिनेश कामावरून थेट आला. घामाने हातावरचा गेरू सुटला आणि पांढऱ्या सोफ्यावर पाच बोटं उठली. बिचारा घाबरला. सवयीने चमच्याची पाठ घेऊन तो डाग घासत बसला.

डाग गेला नाही. चमकायला लागला!

*

मग स्थळं यायचीच थांबली. दिनेश अर्ध्या जेवणातून उठायला लागला. मी दुपारभर घोटत बसायची. वाटायचं, या लाल उजेडात कधीतरी आपल्या मागे कुणीतरी उभी दिसेल.

*

आणि दिनेशला बघायला मानसी आली. आईवडिलांबरोबर, त्यांच्या गाडीतून. मोठी माणसं चहा घेत होती, ती माझ्याजवळ येऊन बसली. मी गोटा तिच्या हातात दिला. मधेच हात काढला तर मडकं सुकतं आणि जोड जन्मभर दिसतो, एवढंच सांगितलं.

चहा संपला. आईवडील बाहेर गाडीत जाऊन बसले. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. दिनेश दारात उभा.

मानसीने मान वर न करता खिडकीतून हाक दिली, "पप्पा, तुम्ही व्हा पुढे. माझी एवढी बाजू राहिलीय."

गाडी निघून गेली.