तुर्कस्तानात पाच घरं कुठली?

खरं सांगते, त्या मंगळवारी मी यल्लम्मावर चक्क रुसले होते. दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. "बरं केलंस ते केलंस, आता वाटेत आडवी का येतेस गं?" असं तिला तोंडावर विचारलं. जन्मभर शाळेत मास्तरीण होते, पोरांना उभं करून जाब विचारायची सवय. देवीलाही सोडलं नाही.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली आणि डावा स्तन काढावा लागला. इस्पितळातल्या खाटेवर मी दोन गोष्टी बोलून बसले. यल्लम्माला म्हटलं, उठून घरी गेले तर दर मंगळवारी पाच घरी मागितलेल्या जोगव्याच्या पिठाचीच भाकरी खाईन. आणि लेकीला म्हटलं, एकदा समुद्रात गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचंय मला.

पहिला शब्द मी पाळत आले. दुसरा लेकीनं धरून ठेवला. गोवा आम्हा बेळगावकरांना परसदारी, पण तिथल्या किनाऱ्यावर निम्मं बेळगाव भेटतं. ओल्या कपड्यात कुणी ओळखीचं बघेल या धास्तीनं दोनदा जाऊनही मी घोट्याच्या वर भिजले नाही. म्हणून तिनं तुर्कस्तानातलं एक गजबजलेलं समुद्रगाव शोधलं. "आई, तिथं सकाळपासून गाणी लागतात. जाड, बारीक, म्हातारी, सगळी पाण्यात. कुणी कुणाकडं बघत नाही." आठ दिवसांचा बेत ठरला. पोहायचा निळा अंगभर पोशाखही तिनं आणला. दार लावून तो घातला आणि आरशासमोर मी कितीतरी दिवसांनी हसले.

मग कॅलेंडर बघितलं. मधे मंगळवार! तिथं पाच घरं कुठली? हॉटेलच्या खोल्यांपुढं परडी घेऊन उभी राहू? "एक दिवस उपास कर," हे म्हणाले. पण नवस म्हणजे काय किरकोळ रजा आहे, पुढं ढकलायला? लेकीला सांगितलं, तिकिटं काढू नकोस. तिनं निळा पोशाख घडी करून पिशवीत घातला. ते मला फार लागलं.

अशी धुसफुसत बसले असतानाच दारात "उदं गं आई, उदं" ऐकू आलं. एक म्हातारी जोगतीण, संकेश्वरकडची म्हणाली. आमच्या गल्लीत तिला कधी पाहिलं नव्हतं. परडीत पीठ घालायला गेले आणि काय झालं कोण जाणे, सगळं तिला सांगून टाकलं. सांगता सांगता रडलेसुद्धा.

तिनं ऐकून घेतलं. "आक्का, पाच घरचं खाईन म्हटलीस न्हवं? घरं कुठल्या गावची, आन् कवा मागितल्याली, ह्ये बोललीवतीस काय?"

"नाही."

"मग झालं की! शिकल्याली बाई तू, आन् आईनं घातली न्हाय ती बेडी सवताच घालून बसलीस. पदर पसर."

मी मागं सरले. जोगतिणीच्या परडीत घालायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं कसं?

"पसर गं. सकाळपासनं नऊ घरं झाल्यात माझी. तुला पाच लई झाली." तिनं मोजून पाच मुठी पीठ माझ्या पदरात घातलं. "तिकडं मंगळवारी भाजून खा. आन् पाण्यात उतरशील तवा तिला बी हाक मार. डोंगरावर बसून तिला तरी कुठं समुद्र बघाय मिळतोय?"

मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. येईपर्यंत ती पुढच्या गल्लीत वळली होती. कोण, कुठली, मी चौकशी केली नाही. देवाच्या हवाली होणं म्हणजे दातओठ खाऊन शब्द पाळणं, असं मी समजत होते. पदर पसरायलाही शिकावं लागतं, हे मला त्या म्हातारीनं शिकवलं. तिचे उपकार मी कसे फेडणार?

तिकिटं निघाली. लेकीनं शेगडी असलेली खोली घेतलीय. सांबऱ्याच्या विमानतळावरून विमान धरायचं आहे. बॅगेत निळ्या पोशाखाच्या घडीत पिठाची पुरचुंडी ठेवलीय. गळ्याइतक्या पाण्यात गेले की "उदं गं आई" म्हणणार आहे, मोठ्यानं. एवढ्या गाण्यांत कुणाला ऐकू जाणार आहे? आणि गेलं तर जाऊ दे की.