अकरा दिवसांचा सज्जा

गुरुजींना नव्या घराचं दार दाखवायला गेलो आणि सज्ज्याखालच्या टेकूच्या बल्लीवर कपाळ आपटून घेतलं. हातातला नारळ पायरीवर फुटला. "वास्तुशांतीपर्यंत तरी धीर धरा की," गुरुजी म्हणाले. मी रागानं बल्लीला लाथ मारली. लागलं मलाच.

घर हैदराबादेत, दिलसुखनगरच्या मागच्या अंगाला. त्या वर्षांत सिमेंटला परमिट लागेनासं झालं होतं, बँका कारकुनालाही कर्ज द्यायला लागल्या होत्या, त्यामुळे माझ्यासारखाही स्वतःला मालक समजायला लागला होता.

मुहूर्त रविवारचा निघाला. त्या दिवशी दारावरचा सज्जा ओतून जेमतेम अकरा दिवस होणार होते, आणि दारात टेकूच्या बल्ल्यांचं रान. सासुरवाडीची माणसं टेंगळं घेऊन परत जाताहेत, असं मला दिसायला लागलं. शनिवारी सकाळी मिस्त्रीला ते टेकू काढायला सांगितलं, "आज सेंटरिंग खोल डालो."

"नक्को साब. इक्कीस दिन होना. अब्बी कच्चा है उनो."

"मुहूर्त नै ठैरता, मिस्त्री."

"तो सज्जे कू बोलो ना, मुहूर्त है बोलके."

त्याची माणसं हसली. तेच मला झोंबलं. मी आवाज चढवला, मालक कोण वगैरे काढलं. मग मिस्त्रीनं सगळ्यांना बाजूला केलं. "किसी कू नीचे नै भेजता. मैंच खोलता." डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि खाली शिरला. डोक्याच्या संरक्षणाची आमच्या साइटवरची व्यवस्था ती एवढीच.

तिसरी बल्ली निघाली आणि सज्जा भिंतीपासून सुटून खाली आला. मिस्त्रीचा उजवा खांदा सापडला. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण थापी धरता येईल असं आत्ता सांगता येत नाही.

वास्तुशांत झाली. रविवारीच. राडारोडा उचलवला, पायरी दोनदा धुतली, वर रांगोळी काढली. पाहुणे ताठ मानेनं आत आले, एवढी माझी हौस फिटली.

पंगतीत शेजारच्या प्लॉटवाले गृहस्थ होते. आमच्यानंतर त्यांचं घर याच मिस्त्रीनं बांधायचं ठरलं होतं. "असं झालं तरी कसं?" त्यांनी विचारलं.

मी जिलबी मोडत म्हणालो, "घाई केली हो त्यानं. ही माणसं ऐकतात कुठं!"

"बरं झालं सांगितलंत. दुसरा बघतो मग."

बायको मठ्ठा वाढत होती. तिनं त्यांच्या वाटीत मठ्ठा ओतला, माझी वाटी तशीच ठेवून पुढे गेली. शेवटचे पाहुणे फाटकाबाहेर पडल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात बरा होईल न होईल," ती म्हणाली, "पण नुसतं उभं राहूनही त्यानं माणसांकडून ते घर बांधून घेतलं असतं. तेवढंही तुम्ही ठेवलं नाहीत. आत्ता शेजारी जा आणि घाई कुणाला होती ते सांगा. उद्या नको, त्यांनी दुसरा मिस्त्री ठरवायच्या आत."