कमानीखालचा सूर

नाथाजीनं चर्चला शब्द दिला होता फक्त चार रविवारांचा. त्याला आता सहा वर्षं झाली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

नाथाजी ख्रिस्ती नव्हे. घर ऊस पिकवणाऱ्यांचं, देव्हाऱ्यात औंधची यमाई, आणि चोवीस वर्षं गेली पलटणीच्या बँडमध्ये. तिथंच तो विलायती स्वरलिपी वाचायला आणि ऑर्गन वाजवायला शिकला. साताऱ्यातल्या त्या छोट्या चर्चचे ऑर्गन वाजवणारे मास्तर वारले, तेव्हा गाण्याचं बघणाऱ्या संयोगिताबाई त्याच्या घरी आल्या, चहा प्याल्या, "चारच रविवार" म्हणाल्या. नाथाजीनं मान डोलावली. नाही म्हणायची सवयच नव्हती बिचाऱ्याला.

मुलगा विश्वजीत शिरवळच्या कारखान्यात, सुट्टी रविवारचीच. नात समीक्षा चार वर्षांची होत आली, तिच्यासाठी आजोबा फोनमध्येच राहायचा. "आवं, एकदा न्हाई म्हना की!" बायको मंगल दर आठवड्याला कावायची.

पहिल्याच रविवारी मास्तरांच्या जुन्या छापील पुस्तकात त्याला ती खूण भेटली. शेवटच्या गीताच्या तिसऱ्या ओळीत एका सुरावर पुसट कमान, तिच्या पोटात ठिपका असल्यानसल्यासारखा. बँडमध्ये कमान-ठिपक्याचा अर्थ एकच: बँडमास्तरची काठी खाली येईपर्यंत सूर सोडायचा नाही. नाथाजीनं सूर धरला. इथं काठी कुठली यायला? पाय ऑर्गनचा भाता मारत राहिले, माणसं श्वास न घेता गात राहिली. पहिल्या बाकावरच्या मनुबाई आजींना ठसका लागला तेव्हा कुठे त्याची बोटं उठली. लोकांना मात्र ते फार आवडलं, आणि पुढं तीच तिथली रीत झाली.

गेल्या महिन्यात सांगलीच्या चर्चनं त्याला वाजवायला बोलावलं. तिथं पुस्तक तेच, पण जाड कागदाचं. त्या सुरावर कमान नव्हती, ठिपका नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. परतल्यावर त्यानं आपल्या पुस्तकाचं पान उजेडात धरलं. मागच्या बाजूच्या गीतातली कमान पातळ कागदातून पुढं उमटली होती. सहा वर्षं गडी पाठीमागच्या पानाचा हुकूम पाळत होता!

खरं तर लाज वाटायची, पण त्याला आनंदच झाला. चुकीचं वाजवणारा माणूस कोण ठेवून घेईल? शनिवारी तो पुस्तक घेऊन संयोगिताबाईंकडे गेला.

"बाई, मी सहा वर्षं चुकीचं वाजवलं. आता दुसरा माणूस बघा."

बाई हसल्या. "आम्हाला पहिल्याच रविवारी कळलं होतं, नाथाजीदादा. मास्तर तिथं कधी थांबत नसत. सांगितलं तर तुम्ही संकोचून यायचे बंद व्हाल, म्हणून गप्प बसलो."

दार समजून ढकललं ती भिंत निघाली.

दुसऱ्या दिवशी शिरवळला समीक्षाचा वाढदिवस होता. मंगल सकाळच्या एसटीनं पुढं गेली. नाथाजीनं मनाशी पक्कं केलं: आज त्या सुरावर थांबायचं नाही. गाणं संपवायचं, ऑर्गनचं झाकण लावायचं आणि सगळ्यांसमोर सांगून मोकळं व्हायचं.

तिसरी ओळ आली. तो सरळ पुढच्या सुरावर गेला.

लोक पुढं गेले नाहीत. साठ-सत्तर गळ्यांनी मागचाच सूर धरून ठेवला. दोन सूर एकमेकांशी भांडायला लागले, तशी त्यानं बोटं उचलली. ऑर्गन गप्प झाला, माणसं झाली नाहीत. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते, पलटणीत तो चोवीस वर्षं बँडमास्तरच्या काठीकडे बघत आला तसे. मनुबाई आजींचा चेहरा लालबुंद झाला होता, पण त्यासुद्धा सूर सोडायला तयार नव्हत्या.

खिशात फोन थरथरला. शिरवळचाच असणार. नाथाजीला रडू फुटलं. त्यानं बोटं परत त्याच सुरावर ठेवली आणि भाता मारायला लागला.