रिसालदारांची ओवाळणी

धनत्रयोदशीला उदगीरच्या आमच्या गल्लीत दिवे लागायच्या आधी बातमी लागली: रिसालदार हणमंतरावांनी लढाईतलं पदक सराफाला विकलं. बातमीचा उगम अर्थात शेजारच्या रत्नम्मा. पदकाची लाल डबी घेऊन सराफाच्या पायऱ्या चढणाऱ्या रिसालदारांना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. उतरताना पाहिलं नाही, कारण तोवर त्या बातमी वाटायला निघाल्या होत्या.

खरं एवढंच, की पदकाची कडी झिजली होती आणि नवी बसवून आणायची होती.

"इतक्या वर्षांनी आजच बरी कडी आठवली?" रत्नम्मांनी भाकरीचं ताट पुढं सरकवत विचारलं. एकट्या म्हाताऱ्याचं जेवण त्या नेमानं आणतात, आणि वसुली प्रश्नांतून करतात.

"तुम्ही आमच्या रिसाल्यात असता, रत्नम्मा," हणमंतराव म्हणाले, "तर वायरलेस लागलाच नसता."

रिसाला म्हणजे घोडे, एवढंच आमच्या गल्लीला ठाऊक. वरातीची घोडी बिथरली की अजून लोक यांचं दार वाजवतात. "आमचा घोडा लोखंडाचा होता, बाबांनो. चंदी न्हाई, पेट्रोल प्यायचा," असं कुरकुरत एक्क्याऐंशी वर्षांचे रिसालदार चपला सरकवतात आणि घोडीच्या मानेवर हात ठेवतात. घोडी शांत होते. गल्लीचा समज आणखी पक्का होतो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात ते दफेदार होते, एका रणगाड्याचे कमांडर. रणगाडा चालवायला इस्लापूरचा भागवत. गोळा बसला, हणमंतरावांची मांडी फाटली, तरी त्यांनी समोरचे दोन रणगाडे टिपले. हे सरकारी कागदावर आहे आणि पदक त्याचंच. कागदावर नाही ते असं: पुढं खाली बसलेल्या भागवतनं तो पेटता रणगाडा, तोंड शत्रूकडंच ठेवून, नाल्यापर्यंत मागं आणला. वरच्या तिघांना उतरायला वेळ दिला. स्वतः उतरला नाही.

त्याची बायको सिंधु तेव्हा एकोणीस वर्षांची. पुढच्या भाऊबीजेला हणमंतराव काठी टेकत इस्लापुरात पोचले, तर तिला मागच्या खोलीत बसवलेलं. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं ओवाळायचं नसतं, असं बायका म्हणाल्या. हणमंतराव पाटावर बसले. "मी उठत न्हाई," म्हणाले. दुपार कलली तरी उठले नाहीत. शेवटी भागवतच्या आईनंच तबक आणून सुनेच्या हातात दिलं.

तेव्हापासून दर वर्षी ओवाळून झालं की ते लाल डबी पुढं करायचे. "हे भागवतचं हाय. ठेव." आणि सिंधु दर वर्षी मान हलवायची, "न्हाई दादा. तुमच्या छातीचं हाय."

यंदा डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता. पुढच्या वर्षी जाता येईल याची खात्री उरली नव्हती. आपल्यामागं ही डबी कुणाच्या तरी शोकेसमध्ये, भागवतचं नाव नसलेल्या गोष्टीखाली पडून राहील, या विचारानं त्यांची झोप उडाली होती. म्हणून भाऊबीजेला पहाटेच ते नांदेडच्या गाडीत बसले. तिथून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर. कंडक्टरनं आधार कार्डावरचं वय पाहून स्वतःची जागा दिली. डबी त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात, पोटाशी धरली होती.

सिंधु आता सत्तरी ओलांडलेली. तिनं टिळा लावला, ओवाळलं. हणमंतरावांनी डबी पुढं केली नाही. सिंधुला जरा नवल वाटलं. मग त्यांनी मूठ उघडली आणि पदक अलगद तबकात, सुपारीशेजारी ठेवलं.

सिंधुचे हात तसेच थांबले. भावानं तबकात टाकलेलं बहिणीला परत करता येत नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"दादा, ही लबाडी हाय."

"बावन्न वर्सं सरळ चाल करून पाह्यली," हणमंतराव म्हणाले. "मग बगलेनं आलो."

ती हसली, डोळे पुसले. उठून भिंतीवरच्या भागवतच्या फोटोच्या खिळ्याला पदक अडकवलं. नवी कडी घट्ट बसली. "घ्या," ती फोटोला म्हणाली. "तुमचे दफेदार आले. लई उशिरा आले, पण आले."

हणमंतरावांनी पाटावरूनच, मांडी दुखत असताना, पाठ ताठ केली.

दुसऱ्या दिवशी उदगीरला परतले, तर रत्नम्मा ओट्यावर तयारच. सगळं ऐकल्यावर त्यांनी पदरानं नाक पुसलं. पण हार मानणं त्यांच्या घराण्यात नाही.

"अय्यो, दिऊन टाकलंत! अन् सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला बोलावतील, तेव्हा छातीवर काय लावणार?"

"गुंडी लावीन," हणमंतराव म्हणाले. "थंडी असती त्या दिवशी."